एक पौंड कमी

डिसेंबर १९६१ मध्ये टॉटनहॅम हॉट्स्पर या लंडनच्या क्लबानं एसी मिलानकडून एक एकवीस वर्षांचा पोरगा विकत घेतला आणि त्याचे ९९,९९९ पौंड मोजले. आकडा सावकाश वाचावा असा आहे. पाच नऊ एकमेकांना खेटून उभे आहेत, अजून कुणीतरी यायचं आहे म्हणून ताटकळल्यासारखे. टॉटनहॅमचे मॅनेजर बिल निकल्सन यॉर्कशरचे, शब्दांच्या बाबतीत काटकसरी गृहस्थ. पण हा एक पौंड त्यांनी काटकसर म्हणून वाचवला नव्हता. इंग्लंडातल्या कुठल्याही क्लबानं तोवर एका खेळाडूसाठी लाख पौंड दिले नव्हते. ‘लाख पौंडांचा पहिला खेळाडू’ हे बिरुद या पोराच्या पाठीवर बसू नये, म्हणून त्यांनी सौदा एक पाऊल अलीकडे थांबवला. आपल्याकडे अहेराच्या पाकिटात शंभराच्या नोटेबरोबर एक रुपयाचं नाणं घालतात, ते गोष्ट पूर्ण आकड्यावर थांबू नये म्हणून. निकल्सन यांनी तेच उलट्या बाजूनं केलं, एक काढून घेतला. त्या एकाचं काम दोन्हीकडे सारखंच, पूर्णत्वाची दृष्ट काढायची. जमाखर्चाच्या वहीत इतकी हळवी नोंद मी तरी दुसरी पाहिलेली नाही. तिचा उपयोग मात्र फारसा झाला नाही. पुढच्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडनं डेनिस लॉसाठी सरळ १,१५,००० पौंड टाकले आणि लॉचे खांदे काही वाकले नाहीत. इकडे जिमी ग्रीव्जला मात्र लोक जन्मभर तो न दिलेला पौंड ऐकवत राहिले.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना या जातीचा आकडा नवा नाही. ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी आपण लहानपणी पाढ्यांच्या आधी शिकलो. शेवटच्या डावात चार धावा मिळाल्या असत्या तर ती शंभर झाली असती, आणि मग तिच्याविषयी इतक्या प्रेमानं कुणी बोललं असतं का, याची मला शंका आहे. पण ब्रॅडमनचं अपुरेपण ओव्हलवर दुसऱ्या चेंडूला एकदाच आलं आणि संपलं. ग्रीव्जच्या आयुष्यात ते पुन्हा पुन्हा येत राहिलं, कधी खोडकर होऊन, कधी नुसतंच दाराशी येऊन उभं राहून.

तो २० फेब्रुवारी १९४० ला पूर्व लंडनमध्ये मॅनर पार्कला जन्मला आणि डॅगनमच्या बाजूला वाढला. वडील लंडनच्या भुयारी रेल्वेत गाडी चालवत. चेल्सीच्या कुमार संघात त्यानं १९५६-५७ च्या एका हंगामात शंभरावर गोल केले, तेव्हा क्लबानं त्याला वेलबुट्टी काढलेलं मानपत्र दिलं. आपल्याकडे मानपत्र मिळायला माणसाला साठी गाठावी लागते, आणि ते मिळालं की आता आपण फार काही करू नये असा इशाराही समजायचा असतो. या मुलाला ते सतराव्या वर्षी मिळालं आणि त्यानं तो इशारा अजिबात मनावर घेतला नाही. ऑगस्ट १९५७ मध्ये तो चेल्सीच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळला, टॉटनहॅमच्या मैदानावर, आणि गोल केला. पुढे हे त्याचं व्रतच झालं. १९५९ मध्ये लिमा इथं पेरूविरुद्ध इंग्लंडकडून पहिला सामना, गोल. मिलानकडून पहिला, गोल. टॉटनहॅमकडून पहिला, ब्लॅकपूलविरुद्ध तीन गोल. उतारवयात वेस्ट हॅमकडून पहिला, दोन. ओळख करून द्यायची दुसरी रीत त्याला ठाऊक नसावी.

दिसायला तो गोलांचा माणूस वाटत नसे. उंची बेताची, अंगकाठी बेताची, सरावाला नुसतं पळायचं म्हटलं की कंटाळा. सामन्यात बराच वेळ तो आहे की घरी गेला अशी शंका यावी. आणि मग पेनल्टी क्षेत्रात चार जणांची गर्दी झाली, की त्या गर्दीतून तो असा निघायचा, जणू बाकीचे तिघे त्याच्यासाठी पडदे म्हणून टांगले होते. चेंडू ‘मारणं’ हा शब्द त्याच्या बाबतीत जरा दांडगाच. गोलकीपर एका बाजूला कोसळत असायचा आणि चेंडू दुसऱ्या बाजूनं, कुणाची झोपमोड होऊ नये इतक्या हलक्या पावलांनी, रेषा ओलांडायचा. एकविशीच्या आतच लीगमध्ये शंभर गोल. पुढे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत ५१६ सामन्यांत ३५७. तिथला हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. सहा हंगामांत तो देशात सर्वांत जास्त गोल करणारा ठरला. एवढं करून इंग्लंडचं लीग विजेतेपद त्याला एकदाही मिळालं नाही. टॉटनहॅमनं लीग आणि एफए कप एकाच हंगामात जिंकण्याचा पराक्रम केला तो १९६०-६१ मध्ये, म्हणजे हा तिथं येण्याच्या आधीच्या हंगामात. नाटक गाजत असताना तिकीट मिळालं, पण पडदा पडल्यानंतरच्या खेळाचं.

मिलानमध्येही तेच झालं, फक्त उलट्या बाजूनं. इंग्लंडात खेळाडूंच्या पगारावर आठवड्याला वीस पौंडांची मर्यादा होती. ती जानेवारी १९६१ मध्ये उठली. पण त्याच उन्हाळ्यात ग्रीव्ज ८०,००० पौंडांना इटलीला रवाना झाला. तिथले प्रशिक्षक नेरेओ रोक्को कडक शिस्तीचे. काय खायचं, कधी झोपायचं, किती वाजता परतायचं, सगळं ठरलेलं, आणि मोडलं की दंड. पूर्व लंडनच्या हसऱ्या पोराला ही शाळा मानवली नाही. त्यानं लीगमध्ये नऊ गोल केले, दंड भरले आणि डिसेंबरात परतला. मिलान त्या हंगामाच्या शेवटी इटलीचं विजेतं झालं. तेव्हा हा लंडनमध्ये पावसात, आनंदात होता. एफए कपच्या अंतिम सामन्यात बर्नलीविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला त्यानं गोल केला. पुढच्या वर्षी रॉटरडॅमला ॲटलेटिको माद्रिदविरुद्ध दोन. टॉटनहॅम तो सामना ५-१ जिंकून युरोपीय करंडक मिळवणारा पहिला ब्रिटिश क्लब झाला. म्हणजे माणूस काही दुर्दैवी नव्हता. एवढं लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

१९६२ चा विश्वचषक चिलीत होता. विन्या देल मार इथं उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडची गाठ ब्राझीलशी पडली. ब्राझीलकडे गारिंचा होता. त्याचे दोन्ही पाय वाकडे, एकाच दिशेला झुकलेले, आणि त्या पायांनी त्यानं जगातल्या बचावपटूंना वेड लावलं होतं. सामना चालू असताना एक काळं कुत्रं मैदानात शिरलं. खेळ थांबला. बावीस जण, पंच, सगळे त्या कुत्र्याकडे पाहत उभे. गारिंचानं त्याला धरायचा प्रयत्न केला. कुत्र्यानं त्याला अशी हुलकावणी दिली, की ज्यांना आजवर गारिंचानं हुलकावण्या दिल्या होत्या त्या सर्वांच्या वतीनं ती दिली असावी. मग ग्रीव्ज पुढे झाला. तो पळाला नाही. हात आणि गुडघे टेकून, कुत्र्याच्या उंचीला उतरून, त्याच्या डोळ्यांत पाहत राहिला. कुत्र्याला हे वागणं सभ्य वाटलं असावं. ते जवळ आलं. ग्रीव्जनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि मैदानाबाहेर नेलं, आणि त्या वाटेवर कुत्र्यानं त्याच्या पांढऱ्या शर्टावर मोकळेपणानं लघवी केली. बदलायला दुसरा शर्ट नव्हता. उरलेला सामना तो तसाच खेळला. ब्राझील ३-१ जिंकलं. कुत्र्याची नंतर ब्राझीलच्या खेळाडूंमध्ये सोडत काढली गेली आणि ते गारिंचाला मिळालं. तो त्याला घरी घेऊन गेला. म्हणजे विश्वचषकही त्यांचा, कुत्रंही त्यांचंच, आणि ज्यानं ते पकडलं त्याच्या वाट्याला नुसता वास.

मला या प्रसंगात ग्रीव्जचा सगळा खेळ दिसतो. जे हवं त्याच्यामागे बाकीचे धावतात, हा खाली बसून ते आपल्याकडे येईल अशा जागी थांबतो. येतंही. पुढे त्याचं काय होतं, ती वेगळी गोष्ट.

आणि मग १९६६. विश्वचषक घरच्या अंगणात, मॅनेजर आल्फ रॅम्से, तेही डॅगनमचेच. त्याआधीच्या हिवाळ्यात ग्रीव्जला कावीळ झाली होती, पण स्पर्धेपर्यंत तो उभा राहिला. गटातले तिन्ही सामने खेळला. एकातही गोल झाला नाही. तिसऱ्या सामन्यात फ्रान्सच्या खेळाडूच्या बुटानं त्याची नडगी फाडली आणि चौदा टाके पडले. अर्जेंटिनाविरुद्ध त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि सामन्यातला एकमेव गोल त्यानं केला. पोर्तुगालविरुद्धही इंग्लंड जिंकलं. अंतिम सामन्यापर्यंत जखम भरली होती, ग्रीव्ज खेळायला तयार होता. रॅम्से यांनी जिंकणारे अकरा बदलले नाहीत. मला स्वतःला रॅम्से यांचा निर्णय बरोबर वाटतो, आणि बरोबर वाटतो म्हणूनच तो जास्त टोचतो. अन्याय झाला असता तर रागावायची तरी सोय असते.

त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू नव्हता. क्रिकेटचा बारावा गडी निदान पाणी घेऊन मैदानात जातो, हातमोजे नेतो, एखादा झेलही घेतो. ३० जुलै १९६६ ला वेम्ब्लीवर ग्रीव्ज कोट-टाय घालून बाकावर होता, आणि मैदानात पाय ठेवायची कुठलीही सबब नियमात नव्हती. त्या दिवसाच्या छायाचित्रांत सगळे आनंदानं उसळलेले आहेत. त्यात कोटातली माणसं जरा विचित्र दिसतात, वरात दारात आल्यावर नेमकं काय करायचं हे न सांगितलेल्या लांबच्या नातलगांसारखी. हर्स्टनं तीन गोल केले. त्यातला दुसरा आडव्या दांड्याला लागून खाली आपटला, आणि चेंडू रेषेच्या आत पडला की रेषेवर, हा वाद हरलेली जर्मन मंडळी अजून घालतात. लाइन्समन होते बाकूचे तोफिक बहरामोव. त्यांनी गोल म्हणून मान डोलावली आणि पुढे त्यांच्या गावातल्या मोठ्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं. तेव्हा, ज्यानं ग्रीव्जची जागा घेतली त्याच्याही खात्यात एक गोल कायमचा पेन्सिलीनं लिहिलेला राहिला. हे लक्षात आल्यापासून मला हर्स्टही आवडू लागला.

इंग्लंड ४-२ जिंकलं. पदकं मिळाली ती मैदानात खेळलेल्या अकरा जणांना. संघ बावीस जणांचा होता. ग्रीव्ज रात्रीच्या मेजवानीला थांबला नाही, बायकोबरोबर सुट्टीवर निघून गेला. लोकांनी याचा अर्थ रुसवा असा लावला. त्यानंतर तो देशाकडून आणखी फक्त तीन सामने खेळला. ५७ सामने, ४४ गोल, त्यात सहा वेळा हॅटट्रिक, आणि लोक विचारणार ते त्या न खेळलेल्या सामन्याबद्दल. मुलाखत घेणारा समोर बसला, की इकडचं तिकडचं बोलून हळूच तिथं यायचा, आणि समोरच्याचे डोळे पाणावतील म्हणून पेन सरसावून थांबायचा. ग्रीव्ज बहुधा एखादा विनोद करायचा.

१९७० च्या मार्चमध्ये टॉटनहॅमनं त्याला वेस्ट हॅमला दिलं आणि बदल्यात मार्टिन पीटर्सला घेतलं. पीटर्स म्हणजे १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून गोल करणारा दुसरा. हर्स्ट आधीपासून वेस्ट हॅममध्येच. योगायोगालाही कधीकधी आपला विनोद पुन्हा सांगायची हौस असते. त्या वर्षीचा विश्वचषक मेक्सिकोत होता आणि इंग्लंडच्या संघात ग्रीव्ज नव्हता. म्हणून तो मोटारीनं गेला. हे मी गमतीनं लिहीत नाही. लंडन ते मेक्सिको अशी एक मोटारशर्यत त्या वर्षी झाली. युरोप ओलांडून, गाडी जहाजावर चढवून, दक्षिण अमेरिकेत उतरवून, अँडीज पर्वताच्या कडेकडेनं हजारो मैल. ग्रीव्ज आणि टोनी फॉल यांनी फोर्ड एस्कॉर्ट घेऊन ती पूर्ण केली आणि सहावा क्रमांक मिळवला. ज्या मुलाला सरावाच्या चार फेऱ्यांचा कंटाळा, तो माणूस बोलिव्हियाच्या खडकाळ वाटांवरून धूळ खात विश्वचषकाच्या गावी पोचला. शर्यत सुटली होती ती वेम्ब्ली स्टेडियममधून. म्हणजे वेम्ब्लीहून विश्वचषकाकडे जायची वाट त्यानं शेवटी आपल्यापुरती शोधली, जराशी लांबची.

१९७१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्यानं मोठं फुटबॉल सोडलं. नंतरच्या वर्षांविषयी मी थोडंच लिहिणार आहे. तो प्यायला लागला, आधीही पीत होता, आता दिवसाला अंत राहिला नाही. घर विस्कटलं. अंतिम सामना हुकला म्हणून हे झालं, असं सांगायला लोकांना आवडतं. गोष्ट त्यामुळे नीट बसते. त्यानं स्वतः ते मान्य केलं नाही. त्याच्या आयुष्यातली खरी उणीव कुठली, हे परक्यानं ठरवू नये. त्याचा पहिला मुलगा, त्याच्याच नावाचा, चेल्सीच्या दिवसांत चार महिन्यांचा असताना न्यूमोनियानं गेला. मी इतका वेळ आकड्यांशी खेळत आलो, इथं मात्र तो खेळ बाजूला ठेवतो.

फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यानं शेवटचा पेला घेतला. पुढची चाळीसहून अधिक वर्षं तो दारूशिवाय जगला. विशेष म्हणजे त्या वाईट हंगामातच बार्नेट नावाच्या छोट्या, लीगबाहेरच्या क्लबाकडून तो मधल्या फळीत खेळत होता आणि पंचवीस गोल करत होता. हात थरथरत असतील, पाय मात्र शुद्धीवर होते. मग त्याला टीव्हीनं बोलावलं. लिव्हरपूलचा जुना फॉरवर्ड, स्कॉटलंडचा इयन सेंट जॉन आणि तो, असा जोडीचा कार्यक्रम १९८५ पासून १९९२ पर्यंत दर शनिवारी दुपारी चालला. सेंट जॉन हसायचा आणि ग्रीव्ज स्कॉटिश गोलकीपरांची टिंगल करायचा. त्याला तो अधिकार होता, १९६१ मध्ये इंग्लंडनं स्कॉटलंडला ९-३ हरवलं त्यात तीन गोल याचे होते. एकदा तर न्यूयॉर्कला जाऊन इंग्लंडच्या लीग कपच्या पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या त्यांनी तिथल्या एका बांधकाम व्यावसायिकाकडून काढून घेतल्या. गृहस्थाचं नाव डोनाल्ड ट्रम्प. कुठला क्लब कुठल्या गावचा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं असेल असं वाटत नाही, पण चिठ्ठ्या त्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं काढल्या. चांगल्या कुळातल्या फुटबॉलप्रेमींना तो कार्यक्रम उथळ वाटे. मला वाटतं, खेळाकडे एवढ्या प्रेमानं न रडता पाहणारा माणूस टीव्हीला पुन्हा लवकर मिळाला नाही.

२००९ मध्ये फिफाला १९६६ च्या उरलेल्या अकरा जणांची आठवण झाली. डाउनिंग स्ट्रीटवर पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या हस्ते ग्रीव्जला पदक मिळालं, त्रेचाळीस वर्षांनी. पाच वर्षांनी त्यानं ते लिलावात विकलं. ४४,००० पौंड आले. देशासाठी केलेल्या प्रत्येक गोलामागे बरोबर एक हजार. बोली लावणाऱ्याच्या मनात हा हिशेब असणं शक्य नाही, म्हणून तो जास्तच सुरेख आहे. ज्याला ते पदक प्राणापलीकडे हवं होतं असं सारा देश समजून चालला होता, त्यानं ते इतक्या सहज सोडून दिलं, याचं दुःख देशालाच अधिक झालं असावं.

२०१५ मध्ये त्याला पक्षाघाताचा मोठा झटका आला. नंतर तो चाकांच्या खुर्चीतच राहिला आणि बोलणं जवळजवळ गेलं. एमबीई हा किताब जाहीर झाला तो डिसेंबर २०२० मध्ये, शेवटच्या नऊ महिन्यांत. १९ सप्टेंबर २०२१ ला तो एसेक्समधल्या डॅनबरी इथं गेला, वय एक्याऐंशी. त्या दिवशी टॉटनहॅमच्या मैदानावर चेल्सीशी सामना होता, सतराव्या वर्षी त्यानं सुरुवात केली होती तोच. टॉटनहॅमसाठी त्याचे गोल २६६. हॅरी केननं २०२३ मध्ये हा आकडा ओलांडला, तेव्हा काही काटेकोर मंडळींनी १९६२ च्या चॅरिटी शील्डमधले दोन धरून तो २६८ असल्याचं बजावलं. म्हणजे या माणसाचे गोलसुद्धा कुणी नीट मोजून ठेवले नव्हते.

एक सांगायचं राहिलं. जिमीनं आयरीनशी लग्न केलं ते १९५८ मध्ये, रॉमफर्डच्या नोंदणी कार्यालयात, अठराव्या वर्षी. दारूच्या वर्षांत ती दोघं वेगळी झाली, पुन्हा एकत्र आली. सप्टेंबर २०१७ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, खुर्चीत बसलेल्या जिमीनं आयरीनशी पुन्हा लग्न केलं. चॅरिटी शील्डचे गोल धरावेत की नाही यावर भांडणाऱ्या मंडळींनी, ही लग्नं दोन धरायची की एक, यावर मात्र अजून तोंड उघडलेलं नाही.